नववीच्या वर्गातला एकटा बाक



आपल्या कामाचा अहवाल देताना आपण बहुधा आकड्यांत बोलतो. किती मुलांना वह्या मिळाल्या, किती मुली वसतिगृहात राहिल्या, किती जण दहावीला बसले. हे आकडे हवेतच. तुमच्या देणगीचा हिशेब त्यातूनच कळतो. पण पाड्यावरचे मूल हायस्कूलच्या वर्गात कोणाशेजारी बसते आणि मधल्या सुट्टीत कोणाबरोबर डबा खाते, हे कोणत्याही अहवालात येत नाही. ते मूल दहावीपर्यंत टिकेल की नाही, हे मात्र पुष्कळदा त्यावरच ठरते. म्हणून या अंकात थोडे त्याविषयी.

एखाद्या गावाने किंवा जात पंचायतीने एका घराला वाळीत टाकले, तर महाराष्ट्रात तो गुन्हा आहे. सामाजिक बहिष्कारापासून संरक्षण देणारा २०१६ चा कायदा आपल्या राज्यात २०१७ पासून लागू आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. गावाने पाणी बंद केले, दुकानात माल देणे बंद केले, तर तक्रार करता येते. पण चाळीस मुलांच्या वर्गाने एका मुलाशी बोलणे बंद केले, तर त्याची नोंद कोणत्या रजिस्टरात होते? कुठेच होत नाही. हजेरीपटावर ते मूल ‘उपस्थित’ असते. पुढे एक दिवस ते ‘अनुपस्थित’ होते, आणि आपण म्हणतो, “घरची परिस्थिती, दुसरे काय!”

नववीतच का?

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या सुमारे १ कोटी ५ लाख, म्हणजे राज्याच्या लोकसंख्येच्या साधारण ९.४ टक्के होती. यांत भिल्ल, गोंड, महादेव कोळी, वारली, कोकणा, ठाकर, कोरकू अशा अनेक जमाती येतात. कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड या तीन जमातींची सरकारदरबारी विशेष असुरक्षित म्हणून वेगळी नोंद आहे. या समाजांतली बरीच मुले पहिली शाळा आपल्या वाडीवर, पाड्यावर किंवा आश्रमशाळेत शिकतात. तिथे आजूबाजूला आपल्यासारखीच मुले असतात. बोली तीच, डबा तोच, आडनावे तीच. ‘आपण वेगळे आहोत’ हे तिथे फारसे कळतच नाही.

पुढे पाड्याजवळची शाळा संपते आणि मोठ्या गावातले किंवा तालुक्याचे हायस्कूल सुरू होते. नेमक्या याच उंबरठ्यावर सरकारने दिलेले आधारही सुटतात. शिक्षण हक्क कायदा सहा ते चौदा वर्षे वयासाठी, पहिली ते आठवीपर्यंतचा आहे. शाळेतली खिचडी आठवीपर्यंत. मोफत पाठ्यपुस्तके आठवीपर्यंत. आश्रमशाळेत किंवा सरकारी वसतिगृहात राहणाऱ्या मुलांची जेवणाची सोय पुढेही असते, पण घरून रोज चालत किंवा एसटीने येणाऱ्या मुलाला नववीपासून स्वतःचा डबा आणावा लागतो.

डब्याची ही गोष्ट लहान वाटेल, पण तिच्याकडे नीट पाहू या. आठवीपर्यंत सगळी मुले एकाच पातेल्यातली खिचडी खातात. ताट सारखे, भात सारखा. नववीत प्रत्येकाचा डबा उघडतो, आणि घराघरांतले अंतर बाकावर मांडले जाते. एकाकडे पोळी-भाजी आणि लोणचे. दुसऱ्याकडे नाचणीची भाकरी आणि सुक्या मासळीची चटणी. तिसऱ्याकडे डबाच नाही, म्हणून तो नळावर पाणी पिऊन मैदानाच्या कडेला उभा.

यात वयाची भर पडते. तेरा-चौदाव्या वर्षी मुलाचे मन आईवडिलांकडून सोबत्यांकडे वळते. ‘मला चांगले म्हणा’ हे त्याला आता मास्तरांपेक्षा बाकावरच्या सोबत्यांकडून ऐकायचे असते. आधार सुटण्याची वेळ आणि सोबत्यांची सर्वांत जास्त गरज असण्याची वेळ अशी एकाच वर्षी येते.

बहिष्कार कसा दिसतो?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना शाळेत घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागे आणि शिपायाने वरून ओतले तरच पाणी मिळे, हे त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. तो बहिष्कार डोळ्यांना दिसणारा होता. आज गोणपाट नाही. पिण्याच्या पाण्याचा नळ सर्वांसाठी एकच आहे. त्यामुळे ‘आमच्या शाळेत असले काही नाही’ असे शिक्षक सांगतात, आणि त्यांना ते खरेही वाटत असते.

कल्पना करा, रायगड जिल्ह्यातल्या एका कातकरीवाडीवरची मुलगी नववीत आली आहे. पहिल्या दिवशी ती दुसऱ्या बाकावर बसते. शेजारची मुलगी काही बोलत नाही, फक्त दप्तर उचलून मैत्रिणीजवळ जाते. तिने भांडण केलेले नाही, शिवी दिलेली नाही. दुसऱ्या दिवशी बाक रिकामाच राहतो. आठवड्याभरात ही मुलगी आपणहून शेवटच्या बाकावर जाते, आणि शिक्षकांना वाटते, हिला मागे बसायला आवडते.

विज्ञानाच्या तासाला बाई म्हणतात, “पाच-पाच जणांचे गट करा.” गट होतात. ही उरते. बाई एका गटाकडे बोट दाखवून म्हणतात, “हिलाही घ्या.” गट तिला घेतो, पण वहीवर नावे लिहिताना तिचे नाव शेवटी येते आणि प्रयोगाला हात लावायची पाळी काही येत नाही.

वाचताना तिच्या तोंडून बोलीतला एखादा उच्चार येतो. मागून कोणीतरी तसाच उच्चार करून दाखवते. वर्ग हसतो. त्या दिवसापासून ती वाचायला उभी राहत नाही. गोंडी, कोरकू, कोलामी, माडिया बोलणाऱ्या मुलांची अडचण तर आणखी मोठी आहे, कारण त्यांच्या घरच्या भाषेचे मराठीशी मुळातच नाते नाही. गोंडी, कोलामी आणि माडिया द्राविडी कुळातल्या, तर कोरकू मुंडा कुळातली. मराठी ही त्यांनी शाळेत कष्टाने मिळवलेली दुसरी भाषा असते. दोन भाषा येणाऱ्या मुलाला एकच भाषा येणारी मुले ‘अडाणी’ म्हणून हसतात, हे आपण कधी उलटून पाहत नाही.

मग चिडवण्याची नावे येतात. भात कापणीनंतर शेतातले उंदीर पकडून खाणे ही कातकऱ्यांची जुनी रीत आहे. त्यावरून मुले काय म्हणत असतील, ते इथे लिहायला नको. चिडवण्यासाठी वापरायचा शब्द कधी जमातीचे नावच असते. स्वतःच्या समाजाचे नाव शिवीसारखे ऐकायची सवय झालेल्या मुलाच्या मनाचे काय होत असेल, याचा विचार करा.

स्थलांतराचा फटका वेगळाच. दिवाळी झाली की अनेक कातकरी कुटुंबे वीटभट्टीवर किंवा कोळसा पाडायला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. हंगामी वसतिगृहाची सोय मिळाली तर मूल मागे राहून शिकते, नाही तर आईबापांबरोबर जाते. मधले काही महिने हुकलेले मूल परत वर्गात येते, तेव्हा बुडालेला अभ्यास शिकवणीने भरून काढता येतो. पण वर्गातल्या मैत्र्या एव्हाना पक्क्या झालेल्या असतात, आणि त्यात मागून शिरायला जागा नसते.

एकटे पडणे अभ्यासाच्या मुळावर कसे येते?

“चिडवले तर काय झाले? अंगाला लावून घेऊ नये. आम्हालाही चिडवत होते.” असे आपल्यातले पुष्कळ जण म्हणतात. म्हणून अभ्यासकांनी काय पाहिले ते थोडक्यात सांगतो.

मानसशास्त्रज्ञ किपलिंग विल्यम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चेंडू टाकण्याचा एक साधा संगणकी खेळ तयार केला. तीन जण एकमेकांकडे चेंडू टाकतात. थोड्या वेळाने दोघे आपसातच टाकू लागतात, तिसऱ्याकडे चेंडू येतच नाही. चार-पाच मिनिटांचा खेळ, समोरचे अनोळखी, हार-जीत काही नाही. तरी वगळलेल्या माणसाचे मन खट्टू होते. आपण कोणाचे तरी आहोत, आपल्याला किंमत आहे, आपल्या हातात काही आहे, आपल्या असण्याला अर्थ आहे, या चारही भावना खाली येतात. पुढे तर असे दिसले की, समोर माणसे नसून संगणकच खेळतो आहे असे आधी सांगितले, तरीही वगळले जाणे बोचते. २००३ मध्ये अशाच खेळाच्या वेळी मेंदूची चित्रे घेतली, तेव्हा शरीराला दुखल्यावर होणाऱ्या त्रासाशी संबंधित असलेला मेंदूचा एक भाग वगळले गेल्यावरही जागा झालेला दिसला. अनोळखी माणसांनी पाच मिनिटे वगळले तर असे होते. मग रोज ज्यांचे तोंड पाहायचे त्या मुलांनी जूनपासून एप्रिलपर्यंत वगळले तर?

दुसरा अभ्यास आपल्याच देशातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत सहावी-सातवीच्या ६४२ मुलग्यांना कागदावरची वाट शोधण्याची कोडी सोडवायला दिली. निम्मी मुले उच्च मानलेल्या जातींतली, निम्मी दलित. सहा-सहा जणांचे गट केले. काही गटांत मुलांची जात जाहीर केली नाही. तिथे दोन्हीकडच्या मुलांनी जवळपास सारखीच कोडी सोडवली. काही गटांत सुरुवातीला प्रत्येकाचे नाव, गाव आणि जात सर्वांसमोर मोठ्याने वाचून दाखवली. कोडी तीच, वेळ तेवढाच. पण आता दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या लक्षणीय घटली. त्यांची बुद्धी पाच मिनिटांत कमी झाली नव्हती. ‘इथे माझ्याकडे कसे पाहिले जाणार’ हे त्यांना आठवून दिले गेले, एवढेच झाले होते. हा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला.

आता आपल्या हायस्कुलातले एक नेहमीचे दृश्य पाहा. शिष्यवृत्तीचे अर्ज भरायचे आहेत. कारकून वर्गाच्या दारात येऊन म्हणतो, “एसटीवाल्यांनी उभे राहा. कोणाकोणाचे जातीचे दाखले यायचेत?” पाच मुले उभी राहतात, पस्तीस मुले वळून पाहतात. कारकुनाच्या मनात काहीही वाईट नाही. त्याला मुलांना पैसे मिळवून द्यायचे आहेत. पण उत्तर प्रदेशातल्या त्या खेड्यात अभ्यासासाठी मुद्दाम जे केले, तेच आपण इथे दरवर्षी कामाच्या गडबडीत करतो. आणि लगेच पुढच्या तासाला गणिताची चाचणी असते.

“मुले आपसात बघून घेतील”

मोठी माणसे या विषयातून अंग काढून घेतात ती या एका वाक्याने. पण मुले बघून घेत नाहीत. मोकळे सोडले, की मुले ओळखीच्या मुलांकडेच जातात. त्याच वाडीतली, त्याच आळीतली. ‘गट करा’ असे सांगून शिक्षक वळले, की गावातली जुनी उतरंड वर्गात जशीच्या तशी उभी राहते. त्यासाठी कोणी दुष्ट असावे लागत नाही.

याला उपाय आहे, आणि तो खर्चिक नाही. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ऑस्टिन इथे गोऱ्या, काळ्या आणि मेक्सिकन कुटुंबांतल्या मुलांना पहिल्यांदाच एका वर्गात बसवले होते. भांडणे नित्याची होती. मानसशास्त्रज्ञ एलियट ॲरन्सन यांनी मुलांना प्रेमाने वागा असा उपदेश केला नाही. त्यांनी धडा वाटण्याची पद्धत बदलली. मिश्र गट केले आणि एका धड्याचे भाग करून प्रत्येक मुलाला एकच भाग दिला. प्रत्येकाने आपला भाग तयार करून गटातल्या इतरांना समजावून सांगायचा. परीक्षा मात्र पूर्ण धड्यावर. म्हणजे ज्याला आपण हसत होतो, त्याच्याकडेच धड्याचा एक तुकडा आहे, आणि तो ऐकल्याशिवाय आपला पेपर पुरा होत नाही. हसणारी मुले हळूहळू नीट प्रश्न विचारू लागली. ती अधिक चांगली झाली म्हणून नव्हे. आधी त्यांना एकमेकांची गरज पडू लागली, चांगुलपणा मागून आला. भूगोलाचा किंवा इतिहासाचा कोणताही धडा आपल्याकडेही असा वाटता येईल. साहित्य लागते ते एवढेच: शिक्षकांनी स्वतः केलेली गटांची यादी.

दुसरी गोष्ट साक्षीदारांची. कॅनडातल्या संशोधकांनी शाळांच्या मैदानांवरची छळवणूक कॅमेऱ्यात टिपून अभ्यासली. बहुतेक वेळा आजूबाजूची मुले नुसती पाहत राहिली. पण ज्या ज्या वेळी एखादे मूल मध्ये पडले, त्यांतल्या निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांच्या आत थांबला. दहा सेकंद! एका मुलाने “ए, पुरे” म्हणायला लागतो तेवढाच वेळ. एकट्या पडलेल्या मुलाला साऱ्या वर्गाची मैत्री लागत नाही. एक पुरेसा असतो. बाकावर सरकून जागा करणारा एक.

शिक्षकांनी काय करावे?

आपल्या वाचकांत अनेक शिक्षक-शिक्षिका आहेत, म्हणून थोडे स्पष्ट लिहितो.

बसण्याची जागा आणि गट मुलांवर सोडू नका. दर महिन्याला बाक बदला, सगळ्यांचेच बदला. एकाच मुलीला उठवून पुढे बसवले तर ती पुन्हा एकटी पडते. दाखले आणि शिष्यवृत्तीची कामे वर्गासमोर करू नका. मुलाला कार्यालयात बोलावून शांतपणे करा. मुलाचे नाव कागदावर आहे तसे पूर्ण घ्या. नावाची मोडतोड शिक्षकांच्या तोंडून सुरू झाली, की वर्गाला परवाना मिळतो.

आणखी एक. ९ ऑगस्टच्या आदिवासी दिनाला किंवा स्नेहसंमेलनाला नाचायला बोलवायचे आणि बाकी वर्षभर विसरायचे, असे होऊ देऊ नका. नाच सुंदर आहे. पण त्या मुलाला वक्तृत्वातही उभे राहायचे असेल, कबड्डीच्या संघाचे कर्णधारही व्हायचे असेल. सावरपाड्याच्या कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटर धावण्यात कांस्यपदक मिळवले. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. ही नावे मुलांना जरूर सांगा. पण त्याबरोबर हेही लक्षात असू द्या, की बाकावर जागा मिळवण्यासाठी कोणत्याही मुलाला आधी पदक जिंकावे लागू नये. साधारण मार्कांच्या, साधारण चेहऱ्याच्या मुलालाही ती जागा हक्काची आहे.

ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला आणि पुढे १९५७ पासून कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यातून घेण्यासारखा धडा हाच आहे. मुले शाळेत येत नाहीत म्हणून त्यांनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच अंगणात नेली. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात नेली. मूल शाळेला शोभत नाही असे न म्हणता शाळा मुलाला शोभते का, हे त्यांनी तपासले. हायस्कूलला टेकडीवर जाता येणार नाही, पण हा प्रश्न मात्र स्वतःला विचारता येईल.

घरच्यांनी आणि वसतिगृहाने काय ओळखावे?

एकटे पडलेले मूल बहुधा सांगत नाही. सांगितले तर आईबाप शाळेत येतील, आणि मग अजून हसतील, ही भीती असते. म्हणून खुणा ओळखाव्या लागतात. सोमवारी सकाळी पोट दुखते. डबा तसाच परत येतो. मूल घरी बोली बोलणे टाळू लागते. पालकसभेची चिठ्ठी दाखवत नाही, किंवा सरळच म्हणते, “तुम्ही शाळेत येऊ नका.” हे वाक्य ऐकून आईला वाटते, पोराला आपली लाज वाटते. खरे तर पुष्कळदा ते मूल आईला हशापासून वाचवत असते.

भर दुपारी एकटीच विहिरीवर येणारी शोमरोनी स्त्री आपल्या सर्वांना ठाऊक आहे. लोकांची नजर चुकवण्यासाठी तिने ती वेळ निवडली असावी, असे आपण प्रवचनांत ऐकले आहे. शाळेतही अशी मुले असतात. घंटा वाजल्यावरच वर्गात शिरणारी, मधल्या सुट्टीत वर्गातच थांबणारी, सर्वांत शेवटी निघणारी. वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि शिक्षकांनी या वेळांकडे लक्ष ठेवावे.

अशा मुलाला “धीट हो”, “दुर्लक्ष कर” एवढेच सांगून भागत नाही. बदल त्याच्याभोवती करावा लागतो. वर्गशिक्षकांना भेटा, मुख्याध्यापकांना लेखी कळवा, शाळेतल्या तक्रारपेटीचा उपयोग करा. मुलाला स्वतःला बोलायचे असेल तर १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक विनामूल्य आहे. मोठ्या माणसाने जमातीवरून चारचौघांत अपमान केला, तर अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ पासून आहेच. वर्गातल्या मुलांच्या बाबतीत मात्र आधी मोठ्यांनी आपले काम करावे. चौदा वर्षांच्या पोरांनी हे कुठे ऐकले, तेही पाहावे.

आणि आपण?

‘कुठे ऐकले’ या प्रश्नापाशी आपला, म्हणजे देणगीदारांचा आणि मंडळीच्या सभासदांचा, संबंध येतो. वर्गात दप्तर उचलून दूर जाणारी मुलगी आपल्यापैकी कोणाची तरी असू शकते. ती शब्बाथ शाळेत नियमाने येत असेल, पाठांतरात पहिलीही येत असेल. म्हणून तिला संध्याकाळी “किती मार्क पडले?” याबरोबर आणखी दोन प्रश्न विचारा. “आज डबा कोणाबरोबर खाल्लास? वर्गात एकटे कोण बसले होते?” दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तिला लगेच देता येईल. कोण एकटे आहे हे मुलांना नेहमी ठाऊक असते. त्यांना आजवर कोणी विचारलेले नसते, इतकेच.

देणगीचाही विचार करू या. आपण दप्तरे देतो, पण त्यावर देणाऱ्याचे नाव आणि ‘गरजू विद्यार्थ्यास भेट’ असे मोठ्या अक्षरांत छापतो. ते दप्तर घेऊन मूल वर्गात शिरले, की कारकुनाने न पुकारताही ते उभे केले जाते. इतर मुले वापरतात तसे, काही न छापलेले दप्तर द्यावे. गणवेशाचे कापड शाळेच्या नेहमीच्या दुकानातलेच घ्यावे, म्हणजे रंगात फरक दिसत नाही. रांगेत उभे करून फोटो काढणे टाळावे. रोज घरून येणाऱ्या नववी-दहावीच्या मुलांच्या डब्याची सोय झाली, तर ती शक्यतो त्या शाळेतल्या सगळ्या गरजू मुलांसाठी, जात न विचारता व्हावी.

शेवटी आपले स्वतःचे बाक. पाड्यावरचे एखादे कुटुंब रविवारी उपासनेला आले तर ते कुठे बसते? दाराजवळच्या बाकावर, की मधल्या? प्रीतिभोजनाच्या पंगतीत त्यांच्याशेजारी कोण बसते? तरुण संघाच्या शिबिरात वसतिगृहातली मुले आपली वेगळी खोली धरून राहतात का? आपण त्यांच्यासाठी दान देतो, प्रार्थना करतो, आणि तरीही त्यांच्याशेजारची जागा रिकामी राहते, असे होऊ शकते. आपली मुले हे पाहत असतात, आणि सोमवारी वर्गात तसेच वागतात.

येत्या तिमाहीसाठी एवढेच सुचवतो. प्रत्येक मंडळीने आपल्या भागातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांना भेटून दोन गोष्टींची विनंती करावी: नववीच्या वर्गात गट शिक्षकांनी पाडावेत, आणि शिष्यवृत्तीची नावे वर्गात पुकारू नयेत. याला पैसा लागत नाही. पण अशा लहान गोष्टी झाल्या, तर पुढच्या वर्षी दहावीच्या आकड्यात एखादे मूल वाढेल, आणि ते वर्गात कोणाच्या तरी शेजारी बसलेले असेल.